सुई, कापड आणि यंत्रमानव

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. ज्ञातीतील अनेक घरांत अलीकडे आम्हांस एकच प्रश्न ऐकू येतो. बोलता बोलता वडील मंडळी मुलाकडे बोट दाखवून विचारतात, "आता यंत्रमानव येणार म्हणतात. मग याच्या हाती कात्री द्यावी की देऊ नये?" वृत्तपत्रांतील छायाचित्रे आणि मोबाईलवरील चित्रफिती पाहून कोणी धास्तावतात, तर कोणी हा सारा सर्कशीचा खेळ म्हणून हसून सोडून देतात. आमच्या मते या दोन्ही वृत्ती सारख्याच घातक आहेत. आपला शिंपी समाज पिढ्यान् पिढ्या हाताच्या विद्येवर जगत आला आहे. तेव्हा यंत्राचा हात कोठवर आला आहे, कोठे अडला आहे आणि का अडला आहे, हे आपण इतरांहून अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

'रोबो' हा शब्द जन्मास आला तो प्रयोगशाळेत नव्हे, तर रंगभूमीवर. झेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकात तो प्रथम आला आणि तो सुचविला त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने मुकाट्याने करावयाचे काम ते रोबोटा. म्हणजे या शब्दाच्या मुळाशीच कामाचा आणि कामकऱ्याचा प्रश्न आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

प्रत्यक्षातील पहिला कारखानी यंत्रहात जॉर्ज डेव्होल या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेतून आणि जोसेफ एंगेलबर्गर यांच्या उद्योगशीलतेतून साकार झाला. 'युनिमेट' असे त्याचे नाव. १९६१ साली न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो कामास लागला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलून बाजूस ठेवणे हे त्याचे काम. माणसाचा हात पोळेल असे काम यंत्राने अंगावर घेतले, याबद्दल कोणासही आनंदच वाटावा. परंतु हा हात आंधळा होता. ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या आकाराची वस्तू असली तरच त्याचे काम चाले. वस्तू वीतभर सरकली तर तो रिकामी हवाच पकडी. पुढील कित्येक दशके मोटारींच्या सांगाड्यांना वितळजोड देणारे व रंग फवारणारे असंख्य यंत्रहात बहुतांशी याच जातीचे होते. कारखान्याने सारी सृष्टी त्यांच्यापुढे मोजूनमापून मांडून ठेवावी आणि त्यांनी तीच हालचाल लाखो वेळा करावी, असा तो करार होता.

दुसऱ्या जातीचा एक हात याहूनही जुना आहे. किरणोत्सारी द्रव्ये जाड भिंतीपलीकडून हाताळता यावीत म्हणून अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस जोडहात बनविले. अलीकडे माणसाने मूठ हलवावी आणि पलीकडे लोखंडी चिमट्याने तीच हालचाल करावी. आपल्या मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे हात घडविले आहेत. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्यातील आस्थापनेने सिद्ध केलेला 'दक्ष' हा बॉम्ब निकामी करण्याच्या कामी येणारा यंत्रमानवही दूरवरून माणसाच्या आज्ञेने चालतो. येथे बुद्धी माणसाची आणि धोका यंत्राचा. स्वतः पाहून, स्वतः ठरवून वस्तू हाताळणारा हात मात्र अद्याप व्हावयाचा होता, आणि खरी अडचण तेथेच आहे.

ही अडचण समजण्यासाठी प्रथम आपल्याच हाताकडे पाहावे. एका हातात २७ हाडे आहेत. तळहात व बोटे मिळून स्पर्श जाणणारे सुमारे १७,००० तंतू आहेत, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९७० च्या दशकात मोजून दाखविले. त्यांच्यापैकी रोलंड योहान्सन यांनी पुढे एक साधा प्रयोग केला. बोटांची टोके औषधाने बधिर केली आणि काडेपेटीतून काडी काढून ओढावयास सांगितले. स्नायू शाबूत होते, डोळे उघडे होते, बुद्धी जागेवर होती, तरीही काडी बोटांतून निसटू लागली आणि क्षणाचे काम कितीतरी लांबले. हाताचे कौशल्य स्नायूंत जितके आहे तितकेच स्पर्शात आहे, हे त्यावरून दिसते.

आपल्यापैकी ज्यांनी कधी तलम मलमल शिवली आहे, त्यांस हे प्रयोगावाचून ठाऊक आहे. कापड सुईखाली सरकू लागले की डावा हात ते किंचित मागे धरतो आणि उजवा पुढे सोडतो. किती धरावे आणि किती सोडावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. वरचा थर खालच्या थरापेक्षा केसभर अधिक सरकत आहे, हे डोळ्यांस दिसण्यापूर्वी बोटांस कळते. बाही मुंढ्यात बसविताना होणारी किंचितशी चुणी बोटांनी जिरवावी लागते. ही जाण यंत्रास नव्हती आणि आजही फार थोडी आहे.

त्यात पुन्हा कापड ही वस्तूच विलक्षण. लोखंडाचा तुकडा कोठेही ठेवला तरी त्याचा आकार बदलत नाही. कापडाला स्वतःचा असा आकारच नाही. जितक्या वेळा टाकावे तितक्या वेळा ते निराळे पडते, आणि एक कोपरा धरला की दुसरा घडीत लपतो. १९८८ साली हान्स मोरावेक या शास्त्रज्ञाने एक विसंगती ध्यानी आणून दिली. बुद्धिबळासारखे जे आपणांस कठीण, ते यंत्रास सोपे; आणि जे दोन वर्षांच्या मुलासही जमते, ते यंत्रास महाकठीण. याचा पडताळा कापडाने दिला. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी दोन हातांच्या एका यंत्रमानवास पूर्वी न पाहिलेल्या टॉवेलांची घडी घालण्यास शिकविले. ५० पैकी ५० प्रयत्न यशस्वी झाले आणि जगभर कौतुक झाले. परंतु एका घडीस सरासरी २४ मिनिटांहून अधिक वेळ लागला! सोलापूरच्या कोणत्याही टॉवेल कारखान्यातील भगिनी तेवढ्या वेळात किती घड्या घालील, याचा हिशेब आम्ही श्रोत्यांवरच सोपवितो. अर्थात संशोधन तेथेच थांबले नाही. २०२२ साली बर्कलेच्याच संशोधकांनी भागीदार संस्थांसह केलेल्या प्रयोगात यंत्राने तासाला ३० ते ४० कपड्यांच्या घड्या घातल्या. बारा वर्षांत चोवीस मिनिटांवरून दोन मिनिटांखाली! हसून सोडून देणाऱ्यांनी हा वेग विसरू नये.

येथे आपल्या धंद्याच्या इतिहासातील एक प्रकरण आठवणे अगत्याचे आहे. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पॅरिस येथे सुमारे ८० यंत्रे बसवून तो सैन्याचे गणवेश शिवू लागला, तेव्हा पोटावर पाय येईल या भयाने १८३१ साली तेथील शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे मोडून टाकली. तिमोनिए पुढे दारिद्र्यातच निवर्तला. यंत्रे मोडणारे आपले व्यवसायबंधू होते आणि ज्याचे यंत्र मोडले तोही आपला व्यवसायबंधूच होता, हे विसरता येत नाही. पण यंत्रे मोडून यंत्रयुग थांबले नाही. १८४६ साली एलायस हाऊ यांनी आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत आपापली पेटंटे घेतली, आणि पुढे ते यंत्र आपल्या गावोगावच्या पेठांत येऊन पोहोचले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे शिवणाचे कष्ट हलके व्हावेत या प्रेमातून ते यंत्र जन्मास आले, असे त्यांचे म्हणणे होते.

या इतिहासात एक मर्म दडलेले आहे. शिवणयंत्र यशस्वी झाले ते शिंप्याच्या हाताची नक्कल करून नव्हे. हाताने शिवताना एकच दोरा सुईसह आरपार जातो आणि परत येतो. हाऊच्या यंत्रात सुईचे नेढे टोकाशी आले, सुई पूर्ण पलीकडे जाण्याची गरज संपली आणि खालून दुसरा दोरा येऊन गाठ पडू लागली. यंत्राने टाकाच बदलला. नव्या काळातील संशोधकही हाच मार्ग चोखाळताना दिसतात. २०१६ साली अमेरिकेत 'सूबो' या प्रकल्पाने तर कापडच बदलले! पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यात बुडवून ते पुठ्ठ्यासारखे ताठ केले, यंत्रहाताकरवी टी-शर्ट शिवून घेतला आणि मग धुऊन तो मऊ केला. जॉर्जिया येथील तंत्रविद्यापीठातून उदयास आलेल्या दुसऱ्या एका मंडळीने कॅमेऱ्याने कापडातील धाग्यांवर नजर ठेवून शिवण सरळ नेण्याची युक्ती योजिली. त्यांस अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २०१२ साली साहाय्य दिले. तरीही जगातील कपडे आजही बव्हंशी माणसांचे हातच शिवतात. कापड उचलणे, जुळविणे आणि सुईखाली सरकविणे, हे काम यंत्रास अद्याप सुखाने जमलेले नाही.

आता मानवाकृती यंत्रमानवांकडे वळू. यंत्रास माणसाचाच आकार कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की घरे, जिने, दारांच्या मुठी, हत्यारे ही सारी माणसाच्या बेताने बेतलेली आहेत. त्यांत वावरावयाचे तर तोच आकार सोयीचा. जपानमधील वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या मार्गदर्शनाखाली १९७३ साली 'वाबोट-१' हा पूर्णाकृती यंत्रमानव सिद्ध झाला. होंडा कंपनीने १९९६ साली 'पी-२' आणि २००० साली 'असिमो' चालवून दाखविला. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर आपत्तीच्या जागी यंत्रमानव धाडता यावेत, या हेतूने अमेरिकेत स्पर्धा योजण्यात आली. तिची अंतिम फेरी जून २०१५ मध्ये पोमोना येथे झाली. मोटार हाकणे, दार उघडणे, झडप फिरविणे, भिंतीस भोक पाडणे, जिना चढणे अशी आठ कामे होती. दक्षिण कोरियाच्या चमूने ती ४५ मिनिटांच्या आत पुरी करून २० लाख डॉलरांचे पारितोषिक मिळविले. मात्र जगातील उत्तमोत्तम यंत्रमानव दाराशी आणि ढिगाऱ्यावर धडाधड कोसळतानाही प्रेक्षकांनी पाहिले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये बीजिंग येथे सुमारे २१ किलोमीटरांच्या शर्यतीत यंत्रमानव माणसांच्या शेजारच्या मार्गावर धावले. पहिल्या आलेल्यास २ तास ४० मिनिटे लागली आणि बहुसंख्य यंत्रमानवांस शर्यत पुरी करता आली नाही. तथापि दहा वर्षांपूर्वी जे दारात पडत होते ते आता धावू लागले, हेही खरे. आपल्या देशातही अवकाश संशोधन संस्थेने 'व्योममित्रा' ही अर्धाकृती यंत्रमानवी जानेवारी २०२० मध्ये बंगळुरू येथे लोकांपुढे आणली.

पाय सुधारले ते गतिशास्त्र, मोटारी आणि गणकयंत्रे यांच्या बळावर. हात सुधारत आहेत ते मात्र निराळ्या रीतीने, आणि ती रीत आपणांस परिचयाची आहे. पूर्वी अभियंता यंत्रास प्रत्येक हालचाल लिहून देई. आता यंत्रास सरावाने आणि अनुकरणाने शिकवितात. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी १४ यंत्रहात एकत्र मांडून वस्तू पकडण्याचे ८,००,००० हून अधिक प्रयत्न करवून घेतले. २०१९ साली 'ओपनएआय' या संस्थेने आभासी जगात सराव दिलेल्या एका पंचबोटी यंत्रहाताकडून रुबिकचा घन सोडवून दाखविला. परंतु अवघडात अवघड मांडणी पाच प्रयत्नांत जेमतेम एकदा सुटे. त्यानंतर २०२३ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०,००० डॉलरांहून कमी खर्चात दोन हातांची एक मांडणी तयार केली. माणसाने जोडीचे हात धरून तेच काम सुमारे ५० वेळा करून दाखवावे, यंत्राने ते पाहून उचलावे, अशी ती पद्धत. त्याच वर्षी अनेक देशांतील प्रयोगशाळांनी २२ प्रकारच्या यंत्रमानवांच्या दहा लाखांहून अधिक हालचालींच्या नोंदी एकत्र केल्या. आणि २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील एका नव्या कंपनीचा यंत्रहात वाळवणीच्या यंत्रातून चुरगळलेले कपडे काढून त्यांच्या घड्या घालताना दिसला.

सज्जनहो, ही रीत म्हणजे आपली उमेदवारीच नव्हे काय? पोराने उस्तादाजवळ बसावे, आधी काज-बटण करावे, मग तुरपाई, मग कात्री. सांगितले थोडे, पाहून उचलले फार. यंत्रही आता कारागिराजवळ येऊन बसले आहे. फरक एवढाच की आपला उमेदवार शिकला तर एक दुकान वाढे. हा उमेदवार एकदा शिकला की त्याची विद्या एका क्षणात हजार यंत्रांत उतरते, आणि उस्तादाचे नावही कोणास ठाऊक नसते.

हे आम्ही कल्पनेने बोलत नाही. २०२५ साली तामिळनाडूतील करूर या कापडाच्या गावाविषयी वृत्त प्रसिद्ध झाले. तेथील तरुण कामगार कपाळाला कॅमेरा बांधून दिवसभर टॉवेलांच्या घड्या घालतात आणि त्यांच्या हातांच्या हालचालींची चित्रफीत यंत्रमानवांस शिकविण्यासाठी परदेशी जाते. काम प्रामाणिक आहे आणि त्याचे वेतनही मिळते. आम्ही त्यास दोष देत नाही. परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. पिढ्यांच्या सरावाने कमावलेली हाताची विद्या एका दिवसाच्या मजुरीत विकावी काय? गुरूस दक्षिणा देण्याची आपली परंपरा आहे. या नव्या शिष्याकडून दक्षिणा कोणी आणि कशी मागावी, याचा विचार एकट्या कारागिरास करता येणार नाही. तो मंडळासारख्या संस्थांनीच केला पाहिजे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. मुलाच्या हाती कात्री द्यावी की देऊ नये?

आमचे उत्तर असे. आपल्या दुकानांवर आजवर जो घाला पडला, तो यंत्रमानवाने घातलेला नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यांनी तो घातला, आणि त्या कारखान्यांत माणसेच बसतात. तेथे एक माणूस दिवसभर फक्त कॉलर जोडतो, दुसरा फक्त खिसा लावतो. ज्याचे काम एकाच शिवणीपुरते आहे, त्याच्याच जवळ यंत्र प्रथम येईल, कारण ठरलेल्या जागची ठरलेली हालचाल हे यंत्राचे जुने क्षेत्र आहे. आज मानवाकृती यंत्रमानवांस पगारी काम मिळू लागले आहे तेही अशाच स्वरूपाचे. २०२४ साली जॉर्जिया राज्यातील एका गोदामात 'डिजिट' नावाचा यंत्रमानव पेट्या उचलून पट्ट्यावर ठेवू लागला. पेटीचा आकार बदलत नाही, हे त्याचे भाग्य!

याउलट गिऱ्हाईक दारात उभे राहताच त्याचा एक खांदा उतरता आहे हे ओळखणारा, माप घेताना त्याची आवड जाणणारा, कापड हातात घेऊन ते धुतल्यावर किती आटेल हे सांगणारा आणि त्याप्रमाणे बेत करणारा जो कारागीर, तो यंत्रापासून सर्वांत दूर आहे. म्हणून मुलामुलींस शिवण शिकवावयाची तर अर्धीमुर्धी शिकवू नये. मापापासून इस्त्रीपर्यंत संपूर्ण विद्या शिकवावी. आणि तिच्याबरोबर यंत्राची विद्याही द्यावी. आमच्या पाहण्यात असे आले आहे की कापडाची जाण असलेला अभियंता मिळत नाही आणि यंत्राची जाण असलेला शिंपीही मिळत नाही. या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींस ती भरता येईल, कारण कापडाची भाषा त्यांनी घरीच ऐकलेली असते.

मंडळापुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना ठेवतो. पहिली, मंडळाच्या शिष्यवृत्त्यांपैकी काही यंत्रमानवशास्त्र, विद्युत्-यंत्रविद्या आणि वस्त्रविद्या या शाखांसाठी राखून ठेवाव्यात, आणि त्यांत मुलींस निम्मा वाटा असावा. घराघरांत शिवणयंत्र चालवून संसार सावरणाऱ्या आपल्या भगिनींस कापडाचे ज्ञान कोणाहून कमी नाही. दुसरी, ज्ञातीतील वृद्ध कारागिरांच्या हातांच्या कामाची चित्रनोंद मंडळाने स्वतः करून ठेवावी. बंडी, अंगरखा, परकर, खणाची चोळी यांचे जुने बेत आज मोजक्याच हातांत उरले आहेत. ते हात थकण्यापूर्वी ही नोंद व्हावी, आणि तिची मालकी त्या कारागिरांची व मंडळाची राहावी. तिसरी, आपल्यापैकी कोणास हाताच्या कामाचे चित्रण करून देण्याचे काम आले तर करार वाचल्याशिवाय व समजल्याशिवाय सही करू नये, आणि ज्ञातीतील वकील मंडळींनी त्यांस विनामूल्य सल्ला द्यावा.

पॅरिसच्या शिंप्यांनी यंत्रे मोडली तेव्हा त्यांस कोणी विचारले नव्हते आणि कोणी समजावून सांगितलेही नव्हते. आपणांस समजून घेण्यास अवकाश आहे. तो किती वर्षांचा, हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु टॉवेलाची घडी चोवीस मिनिटांवरून दोन मिनिटांवर येण्यास बारा वर्षे पुरली, एवढे ध्यानात ठेवून मंडळाने या सूचनांचा निर्णय पुढील संमेलनापूर्वी घ्यावा, अशी आमची विनंती आहे.